पाऊस यायच्या आधीच कॅसेट संपायची : आयर्न मेडन, मुंबई, १ फेब्रुवारी २००८

उत्तररात्र (धागाकर्ता)

सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची असते. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा 'पॉवरस्लेव्ह' (१९८४) हा अल्बम साधारण ५१ मिनिटांचा आहे. शेजारच्या दादाने मला तो भरून दिला तेव्हा कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आधीच काहीतरी भरलेलं होतं. सगळा अल्बम एकाच बाजूत बसवायचा होता, तो बसला नाही, आणि शेवटचं गाणं मधेच तुटलं.

ते शेवटचं गाणं म्हणजे 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. साडेतेरा मिनिटांहून मोठं. इंग्रज कवी कोलरिजच्या १७९८ सालच्या दीर्घ कवितेवर बेतलेलं. एक खलाशी काही कारण नसताना अल्बाट्रॉस पक्षी मारतो. वारा पडतो, जहाज भर समुद्रात थिजतं, चहूकडे पाणी असून प्यायला थेंब नाही. सोबतचे खलाशी एकेक करून मरतात, आणि तो मेलेला पक्षी याच्या गळ्यात. खूप पुढे, पाण्यातल्या सापांकडे बघताना त्याच्या तोंडून नकळत त्यांच्यासाठी आशीर्वाद निघतो, तेव्हा शाप सुटतो. पक्षी गळ्यातून निखळून शिशासारखा समुद्रात बुडतो. आणि पाऊस येतो.

माझी कॅसेट त्या पावसाच्या तोंडावर संपायची. टेपरेकॉर्डरचं बटण 'टक्' करून वर उडायचं आणि खोलीत काहीच उरायचं नाही. मी तेरा वर्षांचा होतो. गाणं अपुरं आहे हे कळत होतं, पण उरलेलं कुठून आणायचं ते माहीत नव्हतं, आणि दादा तोवर नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला होता. पुढची चार वर्षं माझ्यापुरता तो खलाशी तिथेच अडकलेला होता. कॉलेजात एकाकडे सीडी मिळाली तेव्हा पूर्ण गाणं ऐकलं. ऐकलं खरं, पण कानाची सवय गेली नाही. आठव्या मिनिटाच्या आसपास अजूनही मी त्या 'टक्'ची वाट बघतो.

एवढं सगळं आधी सांगितलं, कारण त्याशिवाय मुंबईतल्या मैफलीच्या त्या रात्रीबद्दल मला लिहिता येणार नाही.

२००७ च्या मार्चमध्ये मेडन पहिल्यांदा भारतात आले, बंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर. मला रजा मिळाली नाही. ती रात्र मी ऑफिसात काढली आणि तिच्याबद्दल बरेच दिवस कोणाशी बोललो नाही. त्यामुळे ते पुन्हा येणार, तेही मुंबईत, आणि त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच इथून होणार हे वाचलं तेव्हा मी ती बातमी तीनदा वाचली. बँड, त्यांची माणसं आणि सामान असं सगळं एकाच बोइंग ७५७ मधून येणार होतं, आणि ते विमान गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवणार होता. तो खरोखरचा, परवानाधारक, प्रवासी विमानांचा पायलट.

शुक्रवार होता. बांद्रा स्टेशनाबाहेर काळे टीशर्ट दिसायला लागले. आधी दोघंतिघं, मग दहा-बारा, मग मैफलीच्या जागेकडे, बीकेसीकडे (बांद्रा-कुर्ला संकुल) जाणारा रस्ताच काळा. माझ्या शाळेत, वाड्यात, नात्यात हे संगीत ऐकणारं कोणी नव्हतं. हा बँड इतकी वर्षं माझ्या खोलीतली, दार लावून ऐकायची गोष्ट होती. आता एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ 'पॉवरस्लेव्ह'चा विटलेला टीशर्ट घालून माझ्यापुढे चालत होते आणि त्यांच्या बरोबरीने त्यांची शाळकरी मुलगी, तिच्याही अंगात तोच टीशर्ट. मला एकदम भरून आलं. मित्राने विचारलं काय झालं, तर धूळ गेली म्हणालो.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. दारात पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, आत पाण्याची सोय फार तोकडी होती, आणि रांग तासभर हललीच नाही. इतक्या माणसांना धुळीच्या मैदानात तहानलेलं ठेवणं चूक आहे, आणि हे मी तेव्हाही लेखी कळवलं होतं.

सुरुवातीची खूण जुन्या चाहत्यांना ठाऊक असते. मंच रिकामा असताना स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं की समजायचं, आता आले. ते लागलं आणि मैदानभर एक आरोळी उठली. मग दिवे गेले. चर्चिलचं १९४० चं भाषण, तो खरखरीत आवाज, आणि त्याच्या शेवटच्या शब्दाला चिकटूनच 'एसेस हाय'. पहिले दोन मिनिटं मला गाणं ऐकूच आलं नाही. ऐकू आलं ते अंगाला. बेस गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसचा बेस कानातून आत येत नाही, तो फासळ्यांत सुरू होतो. सुरुवातीला वाऱ्यामुळे गायकाचा आवाज येत-जात होता. तिसऱ्या गाण्यापर्यंत ध्वनियंत्रणा बसली.

'टू मिनिट्स टू मिडनाइट', 'रेव्हेलेशन्स', 'द ट्रूपर', 'वेस्टेड इयर्स'. यांतल्या प्रत्येकावर लिहिता येईल, पण आज नाही.

दौऱ्याची पहिलीच रात्र, त्यामुळे गाण्यांचा क्रम जगात कोणालाच माहीत नव्हता. ऐंशीच्या दशकातली गाणी वाजणार एवढं ठाऊक होतं. 'राइम' त्यांनी जवळजवळ वीस वर्षं मंचावर वाजवलं नव्हतं. पहिले सूर आले तेव्हा मी मित्राचा दंड धरला, तो इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

गाण्याच्या मधोमध एक जागा येते. सगळं थांबतं. जहाजाच्या लाकडाची करकर, बेसचे सुटे सुटे सूर, आणि कवितेतल्या ओळी म्हणणारा एक थंड आवाज. मंचावर निळसर उजेड. आमच्या आसपास, म्हणजे मी बघू शकत होतो तेवढ्या तीन-चारशे माणसांत, कोणी हललं नाही. मघापासून उड्या मारणारा माझ्या डाव्या हाताचा मुलगा डोळे मिटून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. त्याला ते सगळं पाठ होतं. माझा घसा कोरडा पडला होता, दोन तास पाणी नव्हतं, समोर पाण्याने वेढलेल्या तहानलेल्या माणसांची गोष्ट चालली होती, आणि मला हलायचं नव्हतं.

मग बेस हळूहळू जवळ यायला लागला. ड्रम्स आत आले. शाप, चंद्र, साप, आशीर्वाद. पक्षी गळ्यातून सुटला. आणि त्या क्षणी, एवढ्या गर्दीत, एवढ्या आवाजात, माझे कान 'टक्'साठी थांबले.

'टक्' आलं नाही. पाऊस आला.

डिकिन्सनचा तो लांबवलेला सूर डोक्यावरून मागच्या कुंपणापर्यंत गेला, तिन्ही गिटारी एकदम सुटल्या आणि माझ्या पोटात इतकी वर्षं आवळून ठेवलेलं काहीतरी सैल झालं. मी रडलो. लपवलं नाही. डोळे मिटलेल्या त्या मुलाने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता माझ्या खांद्यावर हात टाकला. उरलेली पाच मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. त्याचं नाव मी विचारलं नाही.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. 'पॉवरस्लेव्ह' गाण्यासाठी डिकिन्सनने चढवलेला पिसांचा मुखवटा. 'फिअर ऑफ द डार्क'च्या सुरुवातीची धून, जी गिटारपेक्षा लोकच मोठ्याने गात होते, शब्दांशिवाय. शेवटी 'हॅलोड बी दाय नेम'. इथून ते ऑस्ट्रेलियाला गेले. आम्ही कुर्ल्याच्या दिशेने चालत निघालो, कानात शिट्टी वाजत होती आणि कोणी काही बोलत नव्हतं.

तुमच्यापैकी कोण होतं त्या रात्री? आणि असं अर्धं तुटलेलं गाणं आणखी कोणाकडे आहे का?

---

सव्वानऊची लोकल

मी होतो! डावीकडे, ध्वनियंत्रणेच्या मनोऱ्याजवळ. 'राइम' सुरू झालं तेव्हा आमच्याकडे आधी कोणाला विश्वासच बसेना. त्या दौऱ्यावरच्या माहितीपटात 'एसेस हाय' मुंबईतलंच आहे. मी दर वेळी तो तुकडा थांबवून थांबवून गर्दीत स्वतःला शोधतो. अजून सापडलो नाही, शोध चालू आहे.

---

रानजाई

हे संगीत मी कधी ऐकलेलं नाही, पण लेख शेवटपर्यंत वाचला. माझ्याकडेही एक कॅसेट आहे. रेडिओवरचा एक अभंग टेपरेकॉर्डर रेडिओसमोर धरून भरला होता. तिसऱ्या कडव्यात आईची हाक आहे, 'अगं दूध बघ'. आई जाऊन अकरा वर्षं झाली. आता तो अभंग कुठेही स्वच्छ, सुरेख ऐकायला मिळतो, पण तिसऱ्या कडव्याशी मी थांबते. ती हाक आली नाही की गाणं मला अपुरं वाटतं. तुमचं 'टक्' मला अगदी नीट कळलं.

---

उत्तररात्र

रानजाईताई, काय लिहू. ती कॅसेट कोणाकडून तरी संगणकावर उतरवून घ्या, कृपा करून, लवकर. जुन्या फिती चिकटतात, आणि एकदा तुटली की जोडताना नेमका तोच तुकडा जायची भीती. माझ्याकडे यंत्र आहे. व्यक्तिगत निरोप करा, मी करून देतो.

---

मंद्रसप्तक

प्रामाणिक प्रश्न आहे, वाद घालायचा नाही. मी शास्त्रीय संगीत ऐकणारा. मुलगा हे लावतो तेव्हा मला आवाजाची भिंत ऐकू येते, आत शिरायला दार सापडत नाही. तुम्ही ज्या आर्ततेने लिहिलं आहे त्यावरून दार आहे हे नक्की. ते कुठून उघडायचं?

---

ठेका

@मंद्रसप्तक, मी तबला शिकलो आणि नंतर ड्रम्सकडे वळलो, म्हणून माझा रस्ता सांगतो. आधी गिटार सोडून द्या. बेस पकडा. हॅरिस बोटांनी वाजवतो, नखी (पिक) वापरत नाही. त्याची ओळखीची चाल म्हणजे घोड्याची दौड : एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. 'द ट्रूपर'मध्ये ती अगदी स्पष्ट आहे, आणि गाणंही घोडदळाच्या हल्ल्याबद्दलच आहे. ती चाल एकदा पायात बसली की तुम्हाला जमीन मिळते. मग तिच्यावर दोन गिटारी बघा. बऱ्याच जागी त्या एकच धून वेगवेगळ्या सुरांवरून समांतर नेतात. भिंत वाटत होती ती विणलेली आहे हे तिथे दिसतं.

आणखी एक. ड्रमर निको मॅकब्रेन पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी उजव्या पायाचं एकच पेडल वापरायचा. या प्रकारच्या संगीतात बहुतेक जण दोन वापरतात. दोन पायांचं काम तो एका घोट्यात करायचा. डाव्या हाताने एकट्याने 'धिरधिर' स्वच्छ काढायला सांगितलं तर काय होईल, तसं समजा.

---

मंद्रसप्तक

ठेका, मनापासून आभार. आज 'ट्रूपर' चार वेळा ऐकलं. चौथ्यांदा पाय आपोआप धरला गेला. मुलगा खोलीच्या दारात उभा राहून बघत होता. नंतर येऊन शेजारी बसला.

---

डावखुरा

मी २००७ ला बंगळुरूला होतो. पुण्याहून रात्रभर बसने गेलो. परिक्रमा हा आपल्याकडचा रॉक बँड आधी वाजला, लोकांनी त्यांनाही मनापासून डोक्यावर घेतलं. त्या दिवशी मैदानात सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, की हे खरंच होतंय का. तोवर आपण मोठे बँड उतरणीला लागल्यावर किंवा फुटल्यावर बघायचो. इथे एक बँड नवा अल्बम घेऊन आला होता आणि त्यातली गाणीही लोकांना पाठ होती. मुंबईला दुसऱ्यांदा गेलो. दोन्हींत निवडायला सांगू नका.

एक सुचवतो, रागावू नका. कानात शिट्टी वाजत होती असं लिहिलंय, ती अभिमानाची खूण नाही. मला डाव्या कानात आता कायमची आहे. ८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो असं धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मैफल दोन तासांची असते. मेणाचे किंवा फोमचे बोळे मिळतात, वादकांसाठीचे खास गाळणीवालेही मिळतात. त्यांनी सूर बिघडत नाहीत, उलट शब्द जास्त नीट कळतात. मी हे चाळिशीत शिकलो. तुम्ही पोरांनी आत्ताच शिका. शांत खोली कशी असते हे मी विसरलो आहे.

---

पूर्वेचा वारा

डावखुरांना शंभर टक्के दुजोरा. मी ध्वनियंत्रणेचं काम करतो म्हणून एक भर घालतो. वाऱ्यामुळे गायकाचा आवाज येत-जात होता हे लेखकाचं निरीक्षण अचूक आहे. मोकळ्या मैदानात वारा उंच स्वर वाकवतो, खालचे स्वर त्यामानाने तगतात, म्हणून बेस पोचतो आणि शब्द हरवतात. शिवाय आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मंचापासून १०० मीटरवर उभे असाल तर ड्रमची काठी पडलेली दिसते आणि 'धप्' पाव सेकंदाहून जास्त उशिरा येतो. म्हणून मध्ये मनोरे उभारतात आणि त्यांतला आवाज मुद्दाम तेवढाच थांबवून सोडतात, मंचावरच्या आवाजाशी जुळावा म्हणून. सव्वानऊची लोकल उभे होते ती जागा सहसा चांगली. मिक्सिंग करणाऱ्या माणसाच्या आसपास उभं राहायचं, तो जे ऐकतो तेच तुम्ही ऐकता.

---

धोबीतलावकर

मी तुमच्या आधीच्या पिढीतला. आमचं देऊळ म्हणजे मुंबईतलं रंगभवन. उघडं नाट्यगृह, दगडी पायऱ्या. १९८० साली द पोलिस हा बँड तिथे वाजला, ते मी भिंतीबाहेरून ऐकलं. १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला तेव्हा मात्र दर वर्षी आत. आपल्या पोरांचे बँड दुसऱ्यांची गाणी वाजवायचे, आणि मेडनचं गाणं कोणी घेतलं की पायऱ्यांवरची सगळी पोरं उभी. मूळ बँड इथे कधी येईल हे स्वप्नातही नव्हतं. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात आला, रुग्णालयं आणि कॉलेजं लागून आहेत, आणि मैफली बंद झाल्या. नियम योग्यच आहे, रुग्णालयात माझेही लोक होते. पण त्या पायऱ्या आठवतात.

उत्तररात्र, १ फेब्रुवारीला मीही गेलो होतो, मुलीला घेऊन. ती तेव्हा आठवीत. दोघांनी 'पॉवरस्लेव्ह'चे टीशर्ट घातले होते. माझा धुऊन धुऊन विटला होता, तिचा नवा होता. त्या रात्री असे टीशर्ट पुष्कळ होते, त्यामुळे तुम्ही पाहिलेले आम्हीच असं म्हणत नाही. पण तुमचा लेख तिला वाचून दाखवला, फोनवर. ती आता परदेशात असते. पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाली, बाबा, पावसाच्या वेळी तुम्ही माझा हात धरला होता.

---

उत्तररात्र

धोबीतलावकर काका, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवताना दोनदा थांबावं लागलं. तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

---

ठेका

निकोबद्दल मघाशी भूतकाळात लिहिलं, त्याचं कारण सांगायचं राहिलं. २०२३ च्या जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजव्या बाजूला. तोच पाय, तोच हात. काही महिन्यांत तो पुन्हा मंचावर बसला. जे जमत नव्हतं ते सोडून, बाकीचं वाजवत त्याने आणखी दीड वर्ष काढलं आणि ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोमध्ये दौऱ्यांचा निरोप घेतला. १९८२ च्या अखेरीस बँडमध्ये आला होता. त्या रात्रीची चित्रफीत मी पाहिली नाही. बघवणार नाही, इतक्यात तरी.

ज्यांनी त्याला बीकेसीत पाहिलं त्यांनी त्याच्या पायाकडे पाहिलं होतं का?

---

उत्तररात्र

ड्रम्सच्या ढिगाऱ्यात तो दिसतच नाही, ठेका. फक्त मधूनमधून एक डोकं आणि वर येणारी काठी. पण 'राइम'मधल्या शांत भागानंतर तो आत आला ना, तेव्हा पडद्यावर त्याचा चेहरा होता. हसत होता. वीस वर्षांनी ते गाणं वाजवताना एखाद्या पोरासारखा हसत होता. हे लेखात लिहायला हवं होतं.

---

नवा श्रोता

नमस्कार. मी सतरा वर्षांचा आहे, इथे पहिलाच प्रतिसाद. धागा वाचून 'राइम' लावलं, पण तेरा मिनिटांचं आहे हे बघून मधल्या शांत भागात पुढे ढकललं. आता वाईट वाटतंय. कसं ऐकू?

---

उत्तररात्र

वाईट वाटून घेऊ नकोस, परत ऐक. फोनच्या स्पीकरवर नको, त्यात बेस येतच नाही आणि मधला भाग सगळा बेसवर उभा आहे. हेडफोन घे, आवाज मध्यम ठेव, डावखुरांनी लिहिलंय ते लक्षात ठेव. कवितेची गोष्ट आधी वाचलीस तर बरं, वर थोडक्यात दिली आहे. दिवा मालव. पाचव्या मिनिटाच्या आसपास सगळं थांबेल आणि लाकूड करकरायला लागेल. तिथे काही घडत नाहीये असं वाटेल. वारा पडलाय, म्हणून. आठव्या मिनिटापर्यंत हात बाजूला ठेव.

ऐकून झालं की इथे येऊन लिही. मी जागा आहे.